शेअर बाजाराचा उंबरठा : कंपनीची नोंदणी होते तरी कशी?

एखाद्या कंपनीच्या प्रारंभिक भागविक्रीची, म्हणजेच 'आयपीओ'ची, जाहिरात झळकली की लोकलच्या डब्यात, कचेरीतल्या जेवणाच्या सुटीत आणि सोसायटीच्या कट्ट्यावर एकच प्रश्न विचारला जातो : 'लिस्टिंगला किती वर उघडेल?' अनधिकृत 'ग्रे मार्केट'मधले आकडे मोबाइलवरून फिरू लागतात आणि अर्ज भरणाऱ्यांची झुंबड उडते. लिस्टिंग हा शब्द अशा रीतीने घराघरांत पोहोचला. परंतु लिस्टिंग म्हणजे नेमके काय, त्यासाठी कंपनीला कोणत्या अटी पाळाव्या लागतात आणि त्या अटी गुंतवणूकदाराला कोणत्या धोक्यापासून वाचवतात, याची चौकशी फारच थोडे लोक करतात. कोणत्या धोक्यापासून त्या वाचवू शकत नाहीत, हे तर त्याहूनही कमी लोकांना ठाऊक असते. कष्टाची बचत या बाजाराकडे वळवणाऱ्या प्रत्येकाने ही माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

नोंदणी म्हणजे काय?

प्रथम एक गोंधळ दूर करू. कंपनी निबंधकांकडे कंपनीची स्थापना नोंदवणे आणि शेअर बाजारात तिच्या समभागांची नोंदणी होणे, या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीमुळे कंपनी कायद्याच्या दृष्टीने जन्माला येते. दुसरीमुळे तिचे समभाग खुल्या बाजारात खरेदी-विक्रीसाठी उपलब्ध होतात. देशातील बहुसंख्य कंपन्या पहिल्या पायरीपुढे कधीच जात नाहीत आणि त्यात गैर असे काहीच नाही. खासगी मर्यादित कंपनीला जनतेकडून भांडवल मागण्याची मुभाच नसते. त्यासाठी तिला आधी सार्वजनिक मर्यादित कंपनीत रूपांतर करून घ्यावे लागते.

मग नोंदणी हवी कशाला? समभागावर दिलेला पैसा कंपनी सहसा परत करीत नाही. बँकेतील मुदत ठेवीला मुदत असते, समभागाला ती नसते. ज्याला पैसे मोकळे करायचे असतील त्याने आपले समभाग घेणारा दुसरा कोणी शोधला पाहिजे. असा गिऱ्हाईक शोधण्याची सोय म्हणजे शेअर बाजार. नोंदणीचे पहिले मोल हे की बाहेर पडण्याचा दरवाजा उघडा राहतो. दुसरे मोल हे की दरवाजा उघडा ठेवण्याच्या मोबदल्यात कंपनीला आपले व्यवहार वेळोवेळी जगापुढे मांडावे लागतात.

म्हणूनच कायद्याने या दोन गोष्टींची सांगड घातली आहे. कंपनी कायदा, २०१३च्या कलम ४०नुसार, जनतेला समभाग देऊ करण्यापूर्वी कंपनीने किमान एका मान्यताप्राप्त शेअर बाजाराकडे नोंदणीसाठी अर्ज करणे बंधनकारक आहे. अर्जदारांचे पैसे स्वतंत्र बँक खात्यात ठेवावे लागतात आणि बाजाराने परवानगी नाकारली तर ते परत करावे लागतात. याशिवाय रोखे करार (नियमन) कायदा, १९५६ आणि त्याखालील १९५७चे नियम, 'सेबी'चे २०१८चे भांडवल उभारणीविषयक विनियम आणि नोंदणीनंतरच्या जबाबदाऱ्यांविषयीचे २०१५चे विनियम, अशी ही चौकट आहे.

परवान्याकडून प्रकटीकरणाकडे

मुंबईत १८७५मध्ये दलालांच्या संघटनेतून शेअर बाजार उभा राहिला, तेव्हा असे तपशीलवार नियम नव्हते. १९४७च्या भांडवल नियंत्रण कायद्याने सारी सूत्रे सरकारच्या हाती गेली. कोणत्या कंपनीने किती भांडवल उभारावे आणि समभाग कोणत्या किमतीला विकावा, हे दिल्लीतील भांडवल नियंत्रक ठरवत असे. ही किंमत सूत्रानुसार काढली जाई आणि चांगल्या कंपनीच्या बाबतीत ती बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी असे. परकीय चलनविषयक १९७३च्या कायद्यामुळे बहुराष्ट्रीय कंपन्यांना आपला हिस्सा कमी करावा लागला, तेव्हा त्यांचे समभाग ज्यांना मिळाले त्यांच्या घरी लक्ष्मी चालत आली. 'आयपीओ म्हणजे हमखास फायदा' ही समजूत मराठी मध्यमवर्गात रुजली ती याच काळात. ती परिस्थिती गेली, समजूत मात्र राहिली.

१९९२मध्ये नियंत्रकाचे पद रद्द झाले आणि 'सेबी'ला वैधानिक अधिकार मिळाले. किंमत ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपनीला मिळाले. त्याची दुसरी बाजू अशी की किंमत योग्य आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी गुंतवणूकदारावर आली. कंपनीने सर्व महत्त्वाची माहिती खरी आणि पूर्ण सांगावी, निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, असे हे नवे तत्त्व होते. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत भागविक्रीचा अक्षरशः पूर आला. त्यातल्या अनेक कंपन्या जनतेचा पैसा घेऊन नाहीशा झाल्या. नोंदणीकृत पत्त्यावर पाठवलेली पत्रे परत येऊ लागली. 'परागंदा कंपन्या' हा शब्दप्रयोग सरकारी कागदपत्रांत याच काळात रूढ झाला. १९९६मध्ये 'सेबी'ने प्रवेशाच्या अटी कडक केल्या आणि आधीच्या पाच वर्षांपैकी तीन वर्षे लाभांश दिल्याचा पुरावा मागितला. अटी पुढे बदलत गेल्या. मात्र आजच्या बहुतेक अटींच्या मागे कोणाच्या तरी बुडालेल्या पैशाची कहाणी आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या रुक्ष वाटत नाहीत.

पात्रतेचे निकष

मुख्य बाजारात पाऊल ठेवू इच्छिणाऱ्या कंपनीसाठी 'सेबी'ने नेहमीचा मार्ग म्हणून चार निकष घातले आहेत.

पहिला : मागील तिन्ही पूर्ण वर्षांत प्रत्येकी किमान ३ कोटी रुपयांची निव्वळ मूर्त मालमत्ता असावी. मूर्त म्हणजे जमीन, इमारत, यंत्रे, माल अशी हाती लागणारी. नाममुद्रा किंवा ख्याती यांचे ताळेबंदातले मोल यात धरले जात नाही. शिवाय यातला निम्म्याहून अधिक भाग निव्वळ रोख स्वरूपात असेल, तर ती रोकड कुठे वापरणार हे दाखवून द्यावे लागते. भागविक्री सर्वस्वी जुन्या भागधारकांच्या समभागांची असेल, तर ही मर्यादा लागू होत नाही.

दुसरा : मागील तीन वर्षांचा सरासरी कार्यचालन नफा किमान १५ कोटी रुपये असावा आणि तिन्ही वर्षी नफा झालेला असावा. एखाद्या वर्षी जमीन विकून झालेला नफा येथे कामाचा नाही. धंद्यातून मिळालेला नफा हवा.

तिसरा : तिन्ही वर्षांत नक्त मूल्य किमान १ कोटी रुपये असावे.

चौथा निकष अधिक मनोरंजक आहे. कंपनीने गेल्या वर्षभरात नाव बदलले असेल, तर आधीच्या पूर्ण वर्षातले किमान ५० टक्के उत्पन्न नव्या नावातून सूचित होणाऱ्या व्यवसायातूनच आलेले असावे. संगणक कंपन्यांचे समभाग १९९९-२०००मध्ये गगनाला भिडले होते, त्या दिवसांची आठवण असणाऱ्यांना या अटीचे मर्म सहज उमगेल. कालपर्यंत भलताच धंदा करणाऱ्या कित्येक कंपन्यांनी तेव्हा नावापुढे 'इन्फोटेक', 'सॉफ्टवेअर' किंवा 'डॉट कॉम' अशी शेपटे जोडली आणि केवळ त्या बळावर भाव वधारले. पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलत नाही, एवढेच हा नियम सांगतो.

या निकषांत न बसणाऱ्या कंपनीला दार कायमचे बंद असते असे नाही. तिला दुसरा मार्ग खुला आहे. या मार्गाने आल्यास किमान ७५ टक्के समभाग म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी फंड अशा पात्र संस्थात्मक गुंतवणूकदारांनीच घेतले पाहिजेत. ते न घेतल्यास सारे पैसे परत करावे लागतात. किरकोळ गुंतवणूकदारांचा वाटा येथे फार तर १० टक्के असतो. नेहमीच्या मार्गात तो किमान ३५ टक्के असतो. तोट्यातील कंपनीचे मोल जोखण्याचे काम आधी जाणकारांनी करावे, असा यामागचा हेतू आहे. झोमॅटो जुलै २०२१मध्ये आणि पेटीएमची मूळ कंपनी नोव्हेंबर २०२१मध्ये याच मार्गाने आल्या. पेटीएमचा समभाग २,१५० रुपयांना विकला गेला आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्क्यांनी कोसळला. जाणकारही चुकू शकतात, याची ती नोंद घेण्याजोगी साक्ष होय. अर्जात आपला वाटा १० टक्के आहे की ३५, एवढे पाहिले तरी कंपनी कोणत्या दाराने आली आहे हे कळते.

शेअर बाजारांच्या स्वतःच्याही अटी असतात. मुख्य बाजारासाठी भागविक्रीनंतरचे भरणा झालेले भांडवल किमान १० कोटी आणि बाजारमूल्य किमान २५ कोटी रुपये असावे, अशी अपेक्षा मुंबई आणि राष्ट्रीय शेअर बाजार दोघेही ठेवतात.

कोणाला प्रवेश नाही?

आकडे जुळले तरी माणसे योग्य हवीत. कंपनी, तिचे प्रवर्तक किंवा संचालक यांना 'सेबी'ने भांडवल बाजारातून बाद केले असेल, ते हेतुपुरस्सर कर्ज बुडवणारे म्हणून घोषित झाले असतील किंवा प्रवर्तक वा संचालक फरारी आर्थिक गुन्हेगार असेल, तर भागविक्री करता येत नाही. प्रवर्तकांचे सर्व समभाग डिमॅट स्वरूपात असावे लागतात. अंशतः भरणा झालेले समभाग शिल्लक चालत नाहीत. एखाद्या प्रकल्पासाठी पैसा उभारायचा असेल, तर भागविक्रीतून येणारी रक्कम आणि हाती असलेली अंतर्गत गंगाजळी वगळता उरलेल्या खर्चापैकी किमान ७५ टक्के रकमेची पक्की तजवीज झालेली दाखवावी लागते. अर्धवट बांधलेला कारखाना आणि संपलेला पैसा, हे नव्वदच्या दशकातले चित्र पुन्हा दिसू नये यासाठी ही काळजी आहे.

जनतेचा हिस्सा किती?

एका मुठीत सारे समभाग असतील तर बाजारात भाव ठरणार कसा? म्हणून जनतेच्या हाती किमान हिस्सा असावा लागतो. भागविक्रीच्या किमतीने कंपनीचे मूल्य १,६०० कोटी रुपयांपर्यंत असेल तर किमान २५ टक्के समभाग जनतेला द्यावे लागतात. १,६०० ते ४,००० कोटींच्या दरम्यान किमान ४०० कोटींचे समभाग पुरतात. त्याहून मोठ्या कंपनीला साधारणतः १० टक्क्यांनी आरंभ करता येतो. अतिविशाल कंपन्यांना २०२१पासून आणखी सवलत आहे आणि सप्टेंबर २०२५मध्ये 'सेबी'च्या मंडळाने ती वाढवण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. मात्र आरंभ कितीने केला तरी ठरावीक वर्षांत २५ टक्क्यांपर्यंत पोहोचायचे, हा दंडक आहे.

भारतीय आयुर्विमा महामंडळाचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. मे २०२२मध्ये सरकारने केवळ ३.५ टक्के हिस्सा विकला, तरीही सुमारे २१ हजार कोटी रुपये गोळा झाले. लाखो विमाधारकांनी ९४९ रुपयांच्या समभागासाठी सवलतीच्या दराने अर्ज केले. नोंदणी झाली ती त्या किमतीच्या खाली. नाव घरोघरी परिचित असणे आणि किंमत वाजवी असणे यांत अंतर असते, हा धडा अनेकांना त्या दिवशी मिळाला.

भागविक्री यशस्वी ठरण्यासाठी नव्याने उभारायच्या रकमेच्या किमान ९० टक्के मागणी यावी लागते आणि समभाग किमान १,००० जणांना वाटले जावे लागतात.

प्रवर्तकांची बांधिलकी

समभाग विकून मालक निघून गेला तर? यावरचा उपाय म्हणजे 'लॉक-इन'. भागविक्रीनंतरच्या भांडवलापैकी किमान २० टक्के हिस्सा प्रवर्तकांना साधारणतः १८ महिने विकता येत नाही. उभारलेला पैसा मुख्यत्वे कारखाना, यंत्रसामग्री अशा भांडवली खर्चासाठी असेल, तर ही मुदत ३ वर्षांची असते. इतर जुन्या भागधारकांवर साधारणतः ६ महिन्यांचे बंधन असते. भागविक्रीच्या आदल्या दिवशी समभाग घेणाऱ्या सुकाणू गुंतवणूकदारांना निम्मे समभाग ३० दिवस आणि उरलेले ९० दिवस ठेवावे लागतात.

या तारखा गुंतवणूकदाराने दिनदर्शिकेवर खूण करून ठेवाव्यात अशा असतात. झोमॅटोच्या जुन्या भागधारकांवरील एक वर्षाचे बंधन जुलै २०२२मध्ये संपले, तेव्हा लगेचच्या सोमवारी समभाग एका दिवसात ११ टक्क्यांहून अधिक घसरला. कंपनीच्या धंद्यात त्या दिवशी काहीही बदलले नव्हते; केवळ विकणाऱ्यांचे हात मोकळे झाले होते.

मसुद्यापासून घंटेपर्यंत

कंपनी मर्चंट बँकर नेमते, तीन वर्षांचे हिशेब एकसमान पद्धतीने मांडून घेते आणि मसुदा माहितीपत्रक 'सेबी' व शेअर बाजारांकडे सादर करते. हा मसुदा जनतेसाठीही खुला असतो. किमान २१ दिवस कोणीही त्यावर आपले म्हणणे कळवू शकतो. २०२२पासून आरंभी मसुदा गोपनीय ठेवण्याचा पर्यायही उपलब्ध आहे. 'सेबी' प्रश्न विचारते, त्रुटी दाखवते आणि शेवटी आपली निरीक्षणे कळवते. शेअर बाजार तत्त्वतः मंजुरी देतो.

येथे एक गैरसमज पुसून टाकला पाहिजे. 'सेबीने मान्यता दिली' असे आपण सहज बोलतो. परंतु प्रत्येक माहितीपत्रकावर स्पष्ट छापलेले असते की कंपनीच्या आर्थिक सुदृढतेची किंवा त्यातील विधानांच्या अचूकतेची जबाबदारी 'सेबी' घेत नाही. आवश्यक माहिती नियमांप्रमाणे दिली आहे की नाही, एवढेच तेथे तपासले जाते. परीक्षेला बसण्याची परवानगी मिळाली म्हणजे विद्यार्थी उत्तीर्ण झाला असे होत नाही.

त्यानंतर किंमतपट्टा जाहीर होतो. वरची किंमत खालच्या किमतीच्या १२० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. विक्री किमान तीन कामकाजाचे दिवस खुली राहते. पूर्वी अर्जासोबत धनादेश जोडावा लागे आणि समभाग न मिळाल्यास परताव्याची आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. आता अर्जाची रक्कम आपल्याच खात्यात राखून ठेवली जाते आणि वाटप झाले तरच वळती होते. १ डिसेंबर २०२३पासून विक्री बंद झाल्यावर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी नोंदणी होणे सक्तीचे आहे. पूर्वी महिन्यांत मोजला जाणारा हा काळ तीन दिवसांवर आला, ही सामान्य गुंतवणूकदारासाठी गेल्या तीन दशकांतील मोठी सुधारणा म्हटली पाहिजे. सुधारणेमागेही कटू अनुभव आहेतच. २००५मध्ये येस बँक आणि आयडीएफसीच्या भागविक्रीत हजारो बनावट डिमॅट खाती उघडून किरकोळ गुंतवणूकदारांचा वाटा लाटला गेल्याचे 'सेबी'च्या चौकशीत उघड झाले, तेव्हापासून खातेदाराची ओळख पटवण्याचे नियम कठोर झाले.

नोंदणीच्या दिवशी सकाळी विशेष सत्रात मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालून आरंभीचा भाव ठरतो, घंटा वाजते, छायाचित्रे निघतात. आणि एक गंमत : शेअर बाजार चालवणारी कंपनी स्वतःच्याच बाजारात नोंदणी करू शकत नाही. त्यामुळे देशातील सर्वांत जुन्या मुंबई शेअर बाजाराची, म्हणजे बीएसईची, नोंदणी फेब्रुवारी २०१७मध्ये झाली ती राष्ट्रीय शेअर बाजारात! आपला परीक्षक आपणच असू नये, हे तत्त्व त्यामागे आहे.

एके काळी कंपनीला आपल्या विभागातील शेअर बाजारातही नोंदणी करणे भाग असे. त्यातूनच पुण्यासारखे प्रादेशिक बाजार उभे राहिले. संगणकीकृत व्यवहारांनी अंतर पुसले, सक्ती गेली आणि १९८२मध्ये स्थापन झालेला पुणे शेअर बाजारही २०१५मध्ये इतिहासजमा झाला.

छोट्या उद्योगांचा बाजार

१५ कोटींचा सरासरी नफा नसलेल्या लघु व मध्यम उद्योगांनी काय करायचे? त्यांच्यासाठी २०१२मध्ये दोन्ही शेअर बाजारांनी स्वतंत्र मंच सुरू केले. भागविक्रीनंतर २५ कोटी रुपयांपर्यंत भांडवल असणाऱ्या कंपन्यांना येथे येता येते. छाननीचे मुख्य काम शेअर बाजारच करतात. संपूर्ण विक्रीची हमी भागविमेदारांना घ्यावी लागते आणि तीन वर्षे खरेदी-विक्रीचे भाव देत राहणारा 'मार्केट मेकर' नेमावा लागतो.

अनेक प्रामाणिक उद्योगांना या मंचाने बळ दिले. पण सवलतीच्या दारातून नको ते पाहुणेही आत शिरतात. सप्टेंबर २०२४मध्ये ट्रॅफिकसोल आयटीएस टेक्नॉलॉजीज या कंपनीची सुमारे ४५ कोटी रुपयांची भागविक्री झाली. मागणी शेकडो पटींनी आली. जमलेल्या पैशातून जिच्याकडून सॉफ्टवेअर विकत घ्यायचे होते, त्या पुरवठादार कंपनीच्या खरेपणाविषयी तक्रार आली आणि बीएसईने ऐन वेळी नोंदणी थांबवली. चौकशीअंती डिसेंबर २०२४मध्ये 'सेबी'ने गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला. समभाग वाटले गेले होते, घंटा तेवढी वाजायची राहिली होती! नोंदणी हा केवळ सोहळा नसून शेवटची चाळणी आहे, हे या प्रकरणाने दाखवले. मागणी शेकडो पट आली म्हणजे माहितीपत्रक शेकडो जणांनी वाचले असा अर्थ होत नाही, हेही त्यातूनच स्पष्ट झाले.

२०२५मध्ये या मंचाचे नियम कडक झाले. मागील तीनपैकी किमान दोन वर्षे १ कोटी रुपयांचा कार्यचालन नफा आवश्यक ठरला. जुन्या भागधारकांनी विकायच्या समभागांवर एकूण विक्रीच्या २० टक्क्यांची मर्यादा आली. किमान अर्ज २ लाख रुपयांहून अधिक रकमेचा असावा, असेही ठरले. छोट्या बचतदाराने येथे भाबडेपणाने येऊ नये, हाच या शेवटच्या अटीचा सरळ अर्थ आहे.

नोंदणीनंतरचा संसार

लग्न एका दिवसात होते, संसार जन्मभर करावा लागतो. नोंदणीकृत कंपनीला तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. संचालक मंडळाचे महत्त्वाचे निर्णय सर्वसाधारणपणे बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत बाजाराला कळवावे लागतात. बैठक बाजाराची वेळ संपल्यावर आटोपली तर ३ तासांची मुभा आहे. मंडळाचा अध्यक्ष कार्यकारी किंवा प्रवर्तकांपैकी असेल तर निम्मे, अन्यथा एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात. किमान एक महिला संचालक आणि लेखापरीक्षण समिती आवश्यक असते.

एवढे करूनही फसवणूक होऊ शकते. 'सत्यम'ची नोंदणी भारतात होती, न्यूयॉर्कमध्येही होती. नामवंत स्वतंत्र संचालक होते, ख्यातनाम लेखापरीक्षक होते. तरीही ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच लिहून दिले की ताळेबंदातले पाच हजार कोटींहून अधिक रुपये अस्तित्वातच नाहीत. कागदावरच्या साऱ्या अटी पूर्ण होत्या. खोटी होती ती मूळ माहिती. नियम माहिती द्यायला लावू शकतात, तिच्यात प्रामाणिकपणा ओतू शकत नाहीत.

अटी मोडणाऱ्या कंपनीला दंड होतो, तिचे व्यवहार स्थगित होतात आणि शेवटी नोंदणी रद्दही होते. अशा सक्तीच्या नोंदणीरद्दीत प्रवर्तकांनी स्वतंत्र मूल्यांकनानुसार समभाग विकत घ्यावेत आणि त्यांना दहा वर्षे बाजारबंदी असावी, अशी तरतूद आहे. परंतु जो प्रवर्तक सापडतच नाही, त्याच्याकडून वसुली कशी करणार? कपाटात जपून ठेवलेल्या कित्येक जुन्या प्रमाणपत्रांची हीच शोकांतिका आहे. शिक्षा कंपनीला व्हायची, पण बाहेर पडण्याचा दरवाजा बंद होतो तो छोट्या भागधारकाचा. नोंदणी म्हणजे कायमची हमी नव्हे, हे म्हणूनच वारंवार सांगावे लागते.

अर्ज भरण्यापूर्वी

शेकडो पानांचे माहितीपत्रक पूर्ण वाचणे प्रत्येकाला शक्य नाही. पण चार ठिकाणे तरी अवश्य पाहावीत. पैसा कंपनीत जाणार आहे की जुन्या भागधारकांच्या खिशात, हे 'विक्रीची उद्दिष्टे' या प्रकरणात कळते. 'जोखमीचे घटक' या मथळ्याखाली कंपनीला स्वतःविषयी कटू बोलणे भाग पडते. ते लक्षपूर्वक वाचावे. प्रवर्तक आणि त्यांच्या अन्य कंपन्यांवरील दाव्यांची यादी तपासावी. आणि त्याच व्यवसायातील आधीच नोंदणीकृत कंपन्यांशी केलेली किमतीची तुलना पाहावी. हे सारे 'सेबी' आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध असते.

रिलायन्स पॉवरच्या भागविक्रीला जानेवारी २००८मध्ये तुडुंब प्रतिसाद मिळाला होता आणि महिन्याभरातच, नोंदणीच्या पहिल्या दिवशी, भाव विक्रीच्या किमतीखाली गेला होता. त्या कंपनीने नोंदणीची सर्व पात्रता पूर्ण केली होती. पात्रतेचे निकष कंपनी बाजारात येण्यास योग्य आहे का, एवढेच सांगतात. ती आपल्या बचतीस योग्य आहे का, आणि त्या किमतीला योग्य आहे का, या प्रश्नांची उत्तरे कोणताही नियम देत नाही. उंबरठ्यावर पहारेकरी आहे, याचे समाधान जरूर मानावे. पण आत आलेल्या पाहुण्याच्या हाती तिजोरीची किल्ली द्यायची की नाही, हे घरमालकानेच ठरवायचे असते.